कोच दुबईतच आहेत

वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मी फुटबॉल खेळू लागले, ही गोष्ट पुण्यातल्या माझ्या भावाला अजूनही थट्टाच वाटते. त्याचे काही चुकत नाही. लंगडीत राज्य आले तरी रडू फुटणारी मी; संस्कृतात एम.ए. झाले, पण तोंडी परीक्षेला जाताना जिन्यावरच माझे पाय थरथरत. लग्नानंतर दुबईला आले आणि ऊद मेथातल्या एका भारतीय शाळेत हिंदी शिकवू लागले. वर्गात मुलांसमोर मला भीती वाटत नाही. मोठ्या माणसांसमोर वाटते.

शाळेचे फुटबॉल कोच आमच्याच वस्तीत, डिस्कव्हरी गार्डन्समध्ये, दोन इमारती सोडून राहत. सकाळी त्यांच्या गाडीतून आम्ही तिघे शाळेत जात असू: ते, मी आणि शाळेच्या रिसेप्शनवर बसणारी माझी वसईची मैत्रीण. कोच नाईल नदीकाठच्या एका देशातले. त्या देशाचे नाव मी इथे लिहीत नाही, त्यांच्या गावाचेही नाही. का, ते पुढे कळेल. तिथल्या एका मोठ्या क्लबात ते बचावफळीत खेळत. गुडघा गेला, आणि ते आखातात आले. हिंदी त्यांनी इथल्या खोल्यांमध्ये, पेशावरच्या आणि केरळच्या सोबत्यांकडून उचललेली, त्यामुळे त्या हिंदीत स्त्रीलिंग नव्हतेच. हिंदीची शिक्षिका असूनही मी ती कधी सुधारली नाही. ती मला आवडे.

शिक्षिकांच्या संघात एक जण कमी पडत होती. कोचनी आरशातून माझ्याकडे पाहिले.

"उस्ताझा, आप आएगा." शिक्षिकेला ते त्यांच्या भाषेतल्या या आदरार्थी शब्दानेच हाक मारत.

"मुझे दौड़ना नहीं आता," मी म्हणाले.

"कोई बोला भागो? आप पीछे खड़ा रहो. सामने से कोई आया, उसका बॉल मत देखो, कमर देखो. बॉल झूठ बोलता है."

"मग माझ्यासमोर हिला उभी करू नका," मैत्रीण मागच्या सीटवरून म्हणाली. "माझी कमर कुठे सुरू होते ते मलाच ठाऊक नाही, हिला काय दिसणार!"

कोचना मराठी येत नव्हते, तरी ते हसले. मी खेळू लागले. चेंडू अंगावर आला की डोळे मिटत असे, आणि मैदानाच्या कडेवरून त्यांचा आवाज येई, "आँख खोलो, उस्ताझा! मारेगा तो मारेगा!" तो चेंडू एकदा खरोखरच तोंडावर बसला. ओठ फुटला. मी रडले नाही, याचे सर्वांत जास्त आश्चर्य मलाच वाटले.

त्यांच्या देशात युद्ध सुरू झाले तेव्हा लढाई प्रथम राजधानीत होती, म्हणजे आमच्या गाडीपासून फार दूर. कोच गाडीतला रेडिओ बंद ठेवू लागले, एवढाच काय तो बदल. मग ते युद्ध सरकत सरकत त्यांच्या प्रांतात आले. एका सकाळी त्यांनी सांगितले, की बंदूकधाऱ्यांनी त्यांचे तालुक्याचे शहर घेतले आहे आणि आई व धाकटी बहीण त्या शहरात आहेत. त्या दिवसापासून तिथले फोन बंद पडले. खबर आलीच तर कुणी तरी निसटून आलेल्या माणसाच्या तोंडून येई. शहरापासून काही अंतरावर, कालव्याच्या काठी, त्यांचे मूळ गाव. ते अजून पडले नव्हते. तिथल्या तरुणांनी गावाभोवती खंदक खणले होते. हे तरुण म्हणजे कोच दर सुट्टीत ज्यांना फुटबॉल शिकवत तीच मुले.

"मैं जाता है," एकदा सिग्नलला गाडी थांबली असताना ते म्हणाले.

"छुट्टी मिली?" मी विचारले.

"छुट्टी नहीं. खलास. नौकरी छोड़ दिया."

मागे मैत्रिणीने कपाळाला, छातीला हात लावून क्रूसाची खूण केली. "अरे, वेडा झालास का तू?" ती थेट मराठीत म्हणाली. "बंदूक कधी धरलीस का हातात?"

"हाँ, हाँ," कोच म्हणाले. त्यांना एक अक्षर कळले नव्हते. सिग्नल हिरवा झाला.

शाळेच्या पार्किंगमध्ये त्यांनी आम्हा दोघींना थांबवून जे सांगितले, ते मी माझ्या शब्दांत लिहिते. त्या शहरात बंदूकधारी घराघरांत जाऊन विचारतात, की घरातले पुरुष कुठे आहेत. कोचची आई सांगते, मुलगा दुबईत आहे, शाळेत फुटबॉल शिकवतो. ते ऐकून ते परत जातात. कोच त्या भागात प्रसिद्ध होते. त्यांचा खेळ त्या बंदूकधाऱ्यांनीही पाहिला होता. मुलगा परदेशात आहे तोवर त्या घराला हात लागत नव्हता. पण तोच मुलगा कालव्याकाठच्या गावात बंदूक घेऊन उभा आहे असे त्यांना समजले, तर ते त्याच्या आईला आणि बहिणीला उचलून नेतील. इतर दोन घरांच्या बाबतीत तसेच झाले होते. बायकांना शहराबाहेर सोडणाऱ्या बसगाड्या अधूनमधून निघत. त्या दोघींचा नंबर लागेपर्यंत ही गोष्ट झाकून राहायला हवी होती.

"सब को बोलो, कोच दुबई में है," ते म्हणाले. "दूसरा नौकरी लिया. बस इतना."

नवी नोकरी कुठली, हे माझ्या यजमानांनी सुचवले. ते हमरिया फ्री झोनमधल्या एका कारखान्यात इंजिनिअर आहेत. "हमरिया म्हणा. तिथे इतक्या कंपन्या आहेत, की कोण कुठे शोधत बसणार? सेफ्टी ऑफिसर म्हणा. खेळाडूला शोभतं." आपल्या कल्पनेवर ते खूश होते. स्टाफरूममध्ये सगळ्यांना ते पटलेही. पगार वाढला असेल, असे म्हणून दोघांनी तो रुपयांत किती होतो याचा अंदाजही केला. मी खाली मान घालून वह्या तपासत राहिले. खोटे बोलताना माझे कान लाल होतात.

ते गेल्यानंतर आम्ही दोघी मेट्रोने जाऊ लागलो. मी त्यांना आठवड्यातून एखादे वेळी नुसते एक प्रश्नचिन्ह पाठवत असे. त्याहून अधिक लिहिण्याची मला भीती वाटे. गावात उपग्रहावरचे इंटरनेट होते, ते कधी तरी चालू झाले की त्यांच्याकडून एक शब्द येई: तमाम. म्हणजे सर्व ठीक. जानेवारीत एका दुपारी त्या शब्दाऐवजी फोटो आला. गावाचे फुटबॉलचे मैदान. गोलपोस्ट तसाच उभा, पण जाळी नाही, आणि त्याच्या पुढ्यात मातीचा बांध. बांधावर पाच-सहा पोरे बसलेली, मधोमध कोच. दाढी वाढलेली, खांद्यावर बंदूक, अंगात आमच्या शाळेची निळी जर्सी. खाली लिहिले होते, "ग्राउंड." आणि मागोमाग, "डिलीट."

मी तत्काळ तो फोटो चॅटमधून काढून टाकला. माझ्या फोनमध्ये येणारे प्रत्येक चित्र आपोआप आमच्या कुटुंबाच्या संग्रहात जाते आणि तिथून दिवाणखान्यातल्या टीव्हीवर एकामागून एक सरकत राहते, हे मला माहीत नव्हते असे नाही. त्या क्षणी ते सुचले नाही.

शनिवारी दुपारी आमच्याकडे इथल्या मराठी मंडळाची माणसे आली होती. हळदीकुंकवाचा हॉल ठरवायचा होता. टीव्हीवर नेहमीप्रमाणे आमचे फोटो चालले होते: दिवेआगरचा समुद्र, मुलीचा वाढदिवस, गणपतीपुढचे मोदक. मी चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघरातून येत होते. मोदक सरकले आणि बंदूक घेतलेले कोच भिंतीएवढे होऊन आमच्या दिवाणखान्यात उभे राहिले.

"अरे बाप रे! हे कोण?" मंडळाचे कार्यवाह काका सोफ्यावर पुढे सरसावले.

माझे यजमान मनाने फार चांगले आहेत. त्यांना अभिमान वाटला की तो त्यांच्याच्याने पोटात ठेववत नाही. "हे म्हणजे आमच्या हिचे फुटबॉलचे गुरू!" ते म्हणाले, आणि त्यांनी सगळे सांगितले. क्लब सांगितला, गुडघा सांगितला, खंदक सांगितला, गावाचे नावही सांगितले. मी ट्रे धरून उभी होते. कपबशा वाजू लागल्या, म्हणून मी तो टेबलावर ठेवला.

"वहिनी, तुमच्या तर चेहऱ्यावर काहीच नाही!" काका म्हणाले. "अहो, अभिमान वाटला पाहिजे! आपल्या मुलांना शिकवणारा माणूस रणांगणावर जातो, सोपं आहे का हे?" बोलता बोलता त्यांनी मोबाइल उचलला आणि टीव्हीचा फोटो काढला.

"काका, तो कुणाला पाठवू नका हं," मी म्हणाले. माझ्या मते मी मोठ्याने म्हणाले.

"छे छे, मी कुणाला पाठवतोय! साखर जरा कमीच आहे का हो वहिनी? चांगलं आहे, डॉक्टरांनी तेच सांगितलंय."

संध्याकाळी तो फोटो मंडळाच्या ग्रुपवर होता. खाली मजकूर: "आखातातील मराठी मुलांना फुटबॉलचे धडे देणारा हा वीर आज मातृभूमीच्या रक्षणासाठी हाती शस्त्र घेऊन सज्ज! मानाचा मुजरा!" त्याखाली हात जोडलेली चित्रे, झेंडे, मशाली. कुणी तरी विचारले होते, हे अमराठी मित्रांनाही कळायला हवे, इंग्रजीत मिळेल का? आणि कुणी तरी मोठ्या हौसेने इंग्रजी करून दिले होते, गावाच्या नावासकट. दुसऱ्या दिवशी सकाळी ते इंग्रजी आमच्या इमारतीच्या ग्रुपवर आले. त्या ग्रुपमध्ये सगळ्या देशांची माणसे आहेत.

मी यजमानांना दाखवले. ते दाढी करत होते.

"अगं, एवढं काय घाबरायचं? मूळ पोस्ट मराठीत आहे. तिथले बंदूकवाले काय मराठी वाचणार आहेत?"

"फोटो वाचावा लागत नाही," मी म्हणाले.

आरशात त्यांचा चेहरा मी पाहत होते. फेस असलेली बाजू आणि नसलेली बाजू सारखीच पांढरी झाली. ते मटकन टबाच्या कडेवर बसले. "मी गावाचं नाव सांगितलं," ते म्हणाले. "मी कशाला सांगितलं?" त्यांना धीर देण्याइतके बळ माझ्यात नव्हते. माझ्या डोळ्यांसमोर एक दार होते, आणि ते उघडायला उठलेली एक म्हातारी. मी तिला कधी पाहिलेले नव्हते.

काकांना फोन मीच लावला. अशा फोनच्या आधी काय बोलायचे ते मी कागदावर लिहून घेते. त्या दिवशी कागद कोराच राहिला.

"काका, ती पोस्ट काढता का?"

"का हो वहिनी? इतकी छान चाललीय! शारजाच्या मंडळानंही घेतली. चांगल्या गोष्टीचा प्रसार नको का व्हायला?"

खरे कारण सांगण्याची सोय नव्हती. कोचची आई धोक्यात आहे असे सांगितले असते, तर संध्याकाळपर्यंत त्या माउलीवरही एक पोस्ट निघाली असती. मी "नाही, पण, म्हणजे" असे काहीबाही पुटपुटले आणि फोन ठेवला. मग मैत्रिणीला लावला. ती नुकतीच चर्चमधून आली होती.

"आईबिई काढू नकोस," ती लगेच म्हणाली. "व्हिसा म्हण."

"म्हणजे?"

"नुसतं व्हिसा म्हण गं बाई. बंदुकीचा फोटो फॉरवर्ड केला आणि कुणाच्या तरी व्हिसाचा प्रश्न झाला म्हणे. कुणाच्या, ते तुला माहीत नाही. ऐकलंयस. बघ."

मी काकांना पुन्हा फोन केला आणि ते वाक्य म्हटले. पलीकडे त्यांच्या घरात मिक्सर चालू होता, तो त्यांनी बंद करायला लावला.

"कुणाच्या?" काकांनी हळूच विचारले.

"माहीत नाही, काका. ऐकलंय."

"यल्ला, डिलीट करतो. आत्ता करतो. वहिनी, तुम्ही माझं नाव कुठे..."

"नाही, काका."

त्यानंतर जे झाले ते मी पडद्यावर पाहत बसले. मंडळाच्या ग्रुपवरून पोस्ट गेली. शारजाची गेली. इंग्रजी करून देणाऱ्याने ग्रुपच सोडला. ज्यांनी मशाली लावल्या होत्या त्यांनी त्या विझवल्या. दुपारपर्यंत प्रत्येक ठिकाणी "हा संदेश काढून टाकला आहे" एवढीच ओळ उरली. मी अशी काही धमकी देऊ शकेन असे मला कधी वाटले नव्हते. पण ती कुठे लागेल हे मला अचूक माहीत होते, कारण ती भीती माझ्याही घरात राहते. आमचे भाड्याचे घर, मुलीची शाळा, गाडी, गावाकडच्या वडीलधाऱ्यांची औषधे हे सारे एका कार्डावरच्या मुदतीवर उभे आहे. त्या कार्डाला कुणी फुंकर घातली तरी आम्ही श्वास रोखतो. मुजरा करणारी माणसे वाईट नव्हती. ती माझ्यासारखीच होती.

इमारतीच्या ग्रुपवरूनही पोस्ट निघाली. पण ती निघण्यापूर्वी तिला एक अंगठा मिळालेला मी पाहिला होता, आणि तो आमच्या तळमजल्यावरच्या औषधांच्या दुकानदाराचा होता. तो कोचच्याच देशातला.

त्या युद्धाला दोन बाजू होत्या, आणि तो कोणत्या बाजूचा हे मला ठाऊक नव्हते. वर्षानुवर्षे मी त्याच्याकडून खोकल्याचे औषध घेत आले होते. मी खाली गेले. दुकानात दुसरे गिऱ्हाईक होते, ते जाईपर्यंत मी टूथब्रश पाहत उभी राहिले.

"मॅडम," तो म्हणाला. मी क्रोसिन मागितली. त्याने काउंटरवर ठेवली आणि तिच्यावर हात ठेवला. "वो फोटो. आप जानता है उसको?"

"कोच दुबई में ही हैं," मी म्हणाले. माझे कान पेटले होते. "हमरिया में नौकरी है. फोटो किसी ने मज़ाक में बनाया होगा."

त्याने माझ्याकडे पाहिले. तो पन्नाशीचा, केस पांढरे झालेला, अतिशय सभ्य माणूस आहे. त्याच्या सभ्यपणामुळेच मला काही कळेना. "हमारा उधर आजकल ऐसा मज़ाक कोई नहीं करता," तो म्हणाला, आणि गोळ्या पिशवीत घालून माझ्याकडे सरकवल्या.

पुढचे दिवस कसे गेले ते नीट सांगता येणार नाही. यजमानांनी टीव्हीची वायर काढून ठेवली. जेवताना ते बोलेनासे झाले. ज्या घरात त्यांचा आवाज हाच पंखा होता, तिथे हवा थांबली. कोचना कळवावे का, यावर आम्ही भांडलोही. कळवले तर ते खंदक सोडून त्या शहराकडे धावतील, असे मला वाटे. न कळवणे हा विश्वासघात आहे, असे त्यांना वाटे. मी कळवले नाही. वर्गात मुले कबीराचे दोहे म्हणत आणि मी त्या आवाजातून दारावरची थाप ऐकत असे.

ती थाप आमच्याच दारावर पडली. शुक्रवारची दुपार होती. दुकानदार नमाजाहून परतला असावा, त्याच्या अंगात पांढरा झगा होता. यजमानांनी त्याला आत बसवले. त्याने पाणीसुद्धा घेतले नाही.

"उधर से पूछा," तो म्हणाला. "जिनके हाथ में शहर है, वो लोग फोटो देखा. पूछता है, तुम दुबई में है, तुम बताओ, कोच उधर है या इधर है? कल जवाब देना है." मग त्याने आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिले. "मैं क्या बोलूँ?"

यजमान माझ्याकडे पाहू लागले. आयुष्यात प्रथमच त्यांना बोलायचे नव्हते.

हा माणूस त्यांचा असेल तर खरे सांगणे म्हणजे त्या दोघींना आपल्या हाताने सोपवणे. तो आपला असेल तर खोटे सांगून मी त्याला रिकाम्या हाताने परत पाठवत होते. विचारायचे तरी कसे? माणसाला त्याची बाजू विचारणे म्हणजे आपली सांगणे. इतकी शिकलेली मी, पण अशा प्रसंगी उपयोगी पडेल असे एक वाक्य मला कुठल्या ग्रंथातले आठवेना.

"कोच दुबई में ही हैं," मी म्हणाले.

"तो फोटो दो," तो म्हणाला. "आज का. इधर का."

ती परीक्षा होती की मदत, हे मला तेव्हा कळले नाही. यजमान मात्र उठले. ते फोन घेऊन भराभर जुने फोटो चाळू लागले. शिक्षिकांच्या सामन्याचा फोटो निघाला, पण मागे गेल्या वर्षीचा फलक होता. बीचवरचा निघाला, पण त्यात उन्हाळा होता. अखेर एक सापडला. मागच्या थंडीत यजमानांची घरी राहिलेली फाइल द्यायला कोच हमरियाला गेले होते, तेव्हाचा. कारखान्याच्या फाटकासमोर, गाडीला टेकून, जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढलेली. मागे निळ्या पत्र्याच्या शेड. बाहेर आजही तशीच थंडी होती.

"तारीख?" यजमान म्हणाले. "यात तारीख दिसेल ना?"

आमची पंधरा वर्षांची मुलगी आतल्या दारात उभी होती. आम्हाला वाटत होते, की तिला यातले काही माहीत नाही. "जस्ट टेक अ स्क्रीनशॉट, बाबा," ती म्हणाली. "देन इट्स टुडेज डेट." तिचा आवाज बारीक झाला होता. तीही कोचकडेच फुटबॉल शिकली होती.

दुकानदाराने फोटो घेतला, मोठा करून पाहिला, जॅकेट पाहिले, शेड पाहिल्या. मग त्याने आमच्यासमोरच अरबीत एक ओळ लिहून तो पाठवला, आणि मान न वळवता दाराशी गेला. चपला घालताना तो म्हणाला, "मेरा बहन भी उसी गली में है." दार त्याने स्वतःच ओढून घेतले.

यजमान रडू लागले. मी त्यांच्या शेजारी बसले. मला रडू येईना. मी फक्त मोजत होते, की आपण आता किती जणांना घाबरायचे आहे.

फेब्रुवारीच्या अखेरीस एका परक्या देशाच्या नंबरावरून मला इंग्रजीत संदेश आला. कोचच्या बहिणीचा. त्या शहरातून बायकांची बस निघाली होती. त्या दोघी सीमा ओलांडून पोहोचल्या होत्या. वाटेतल्या शेवटच्या चौकीवर एका बंदूकधाऱ्याने आईला विचारले होते, की तुझा मुलगा हमरियात किती कमावतो, आणि आई म्हणाली होती, पुरेसे पाठवत नाही. तो हसला आणि त्याने बस सोडली. मी तो संदेश मेट्रोत, उभ्याने वाचला. मैत्रिणीने माझ्या हातातून फोन घेऊन वाचला आणि डब्यातल्या सगळ्यांसमोर माझ्या गालाचा मुका घेतला. मी लाजले. उत्तरात मी बहिणीला फोटोंची सारी हकीकत कळवली. त्या वेळी मला वाटले, संपले.

त्याच आठवड्यात कोचचा आवाज आला. त्यांनी मला आवाजी संदेश पाठवण्याची ही पहिलीच वेळ. मी आणि यजमान ओट्याशी उभे राहून ऐकत होतो.

"उस्ताझा! अम्मी पहुँच गया, अल्हम्दुलिल्ला. बहन सब बताया, फोटो का, सब. मैं बहुत हँसा. वो जॅकेट में मैं मोटा लगता है." मागे कुठे तरी सलग काही तरी कोसळल्यासारखा आवाज झाला, ते थांबले, आणि मग तसेच आनंदाने बोलू लागले. "अब फोटो डालो! पूरा नाम डालो, गाँव डालो. सब को बोलो कोच इधर है. अब मेरे को किसका डर? वो लोग को भी मालूम होना, इधर कौन खड़ा है."

यजमानांच्या हातात फोन होता. त्यांनी माझ्याकडे पाहिले. "टाकू का?" त्यांनी विचारले. घरातून बाहेर काही पाठवण्यापूर्वी त्यांनी मला कधी विचारल्याचे मला स्मरत नाही.

"नको."

"अगं, पण ते स्वतःच म्हणतायत."

ते स्वतःच म्हणत होते, आणि मला नेमकी त्याचीच भीती वाटली. इतके महिने त्या दोघींसाठी ते बांधाच्या आड राहिले होते, तोंड झाकून राहिले होते. आता त्यांना आड ठेवणारे कुणी उरले नव्हते. त्यांच्या आवाजात भीतीचा लवलेश नव्हता, आणि मी ओट्याची कड घट्ट धरून उभी होते.

मी फोन घेतला. आवाजी संदेश मी कुणालाही पाठवत नाही. माझा आवाज मला ऐकवत नाही. पण लिहायला बसले असते तर मी पुन्हा एक प्रश्नचिन्हच पाठवले असते. मी बटण दाबून धरले.

"कोच, फोटो नहीं डालेंगे," मी म्हणाले. माझा आवाज थरथरत होता, तो मी थरथरू दिला. "आपकी माँ जहाँ थीं, वहाँ फोन नहीं था. कोई बुरी खबर उन तक पहुँच ही नहीं सकती थी. अब वे फोन हाथ में लेकर बैठी हैं. अब पहुँच सकती है. आप छिपकर रहिए. मैं हाथ जोड़ती हूँ."

बोट उचलले. संदेश गेला. हे लिहीपर्यंत त्यांनी तो ऐकलेला नाही.